पटलावर ठेवलेलं वाक्य

नागपूरच्या विमानतळावरून गाडी निघाल्यापासून खासदार एक अक्षर बोलले नव्हते, आणि कुलदीपला आता काळजी वाटू लागली होती. एरवी हा माणूस उमरेड मागे पडायच्या आत दिल्लीतल्या चार जणांच्या नकला करून मोकळा व्हायचा. आज नागभीड गेलं, ब्रह्मपुरी गेलं, आरमोरीला चहा झाला, तरी भाऊंची मान खिडकीकडेच.

खासदारांचं नाव कोलू हिचामी. दिल्लीत त्यांना माननीय सदस्य म्हणतात, गडचिरोलीत साहेब, आणि धानोरा तालुक्यातल्या येरमेटोल्यात, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या गावात, नुसतं कोलू. गोष्ट येरमेटोल्याची आहे, तेव्हा आपणही कोलूच म्हणू. बावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केलेला, आवाज मोठा, मन मऊ, आणि घाबरला की खिशात हात घालायची खोड असलेला हा माणूस. आरमोरीपासून त्याचा हात खिशातच होता.

"भाऊ, तब्येत बरी आहे ना जी?" कुलदीपने विचारलं. कुलदीप बल्लारपूरचा, कागद कारखान्यातल्या कामगाराचा मुलगा, वय चाळिशीच्या पुढे. खासदारांची भाषणं टाइप करणं, पत्रं सांभाळणं आणि वेळ पडली तर गाडी हाकणं, ही सगळी कामं त्याच्याच गळ्यात.

"तब्येतीले काय धाड भरली," कोलू म्हणाला. "हे पाय."

खिशातून त्याने वीतभर दोरी काढली. रानातल्या वेलीच्या सालीची, हाताने वळलेली, मधोमध एक गाठ. दिल्लीच्या विमानतळावर एका शिपायाने ती हातात घेऊन 'ये क्या है' असं विचारलं होतं. कोलूने 'काम है' असं उत्तर दिलं आणि शिपायाने ती परत केली होती.

"अजून सोडली नाई?" कुलदीप म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात सगळं आलं.

येरमेटोल्याची एक जुनी रीत आहे. गावाच्या वतीने बाहेर बोलायला कोणी निघाला, मग तो शेजारच्या गावी सोयरीक ठरवायला जावो की तहसीलदाराकडे, तर गोटुलात सगळे जमतात. गोटूल म्हणजे गावाची बसायची जागा, वर कौलं, खाली शेणाने सारवलेली जमीन, भिंती नाहीत. तिथे त्या माणसाला गावाचा शब्द सांगतात आणि दोरीला गाठ मारून ती त्याच्या हाती देतात. तो शब्द बोलून परत आला की पुन्हा सगळ्यांसमोर उभा राहतो, काय बोललो ते जसंच्या तसं सांगतो आणि स्वतःच्या हाताने गाठ सोडतो. शब्द बोललाच नाही, तर गाठ सोडायची नाही.

कोलू निवडून आला त्याच आठवड्यात त्याने जाहीर केलं होतं की लोकसभेलाही हीच रीत लागू. गावाला त्यात नवल वाटलं नाही. तहसीलदारापेक्षा थोडी लांबची जागा, एवढंच. दोन वर्षांत तो आठ वेळा बोलला, आणि आठही वेळा पैशापाण्याच्या धोरणांवर. अंदाजपत्रकावर बोलला, पुरवणी मागण्यांवर बोलला, बांबूवरच्या करावर बोलला, नेटवर्कअभावी बंद पडणाऱ्या गावातल्या बँकेवर तर इतका पोटतिडकीने बोलला की समोरच्या बाकावरच्यांनीही बाक वाजवले. आठ दोऱ्या नेल्या, आठ गाठी सोडल्या. नववी खिशात होती, जानेवारीपासून.

नववा शब्द सोनीबाईचा होता. सोनीबाई म्हणजे कोलूची आत्या, त्याच्या बापाची धाकटी बहीण. वय सत्तरीच्या पलीकडे, पण मोहाच्या दिवसांत पहाटे टोपली घेऊन रानात जाणाऱ्यांत सगळ्यात पुढे. गेल्या वर्षी कसल्याशा सर्वेक्षणाची एक पोरगी मोबाइल घेऊन आली होती. सोनीबाईने नुकतीच मोहफुलांची टोपली अंगणात उतरवली होती, कंबर सरळ करत होती. पोरीने विचारलं, आजी, काम काय करता? आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच पडद्यावर बोट ठेवलं, 'घरकाम'. दुसरा पर्यायच तिच्याकडे नव्हता म्हणे. सोनीबाईने तिला पाणी दिलं, वाटेला लावलं आणि पुढचे आठ-नऊ महिने ती त्यावर धुमसत राहिली.

म्हणून जानेवारीत गोटुलात तिने कोलूच्या हाती दोरी दिली आणि म्हणाली, "मोह वेचणारी बाई कामकरी आहे का नाई, ते दिल्लीले विचार. असन त तसं लिहा. नसन त आमी पाहाटे चार वाजता रानात काय झोपाले जातो?"

बायका हसल्या, पण मान सगळ्यांनी डोलावली. गाठ पक्की बसली.

आता कोलूची चूक सांगायला हवी. ती चूक येरमेटोल्याच्या माणसाशिवाय कोणी केली नसती. गोटुलात बोलायची पद्धत अशी की मुद्द्यावर एकदम यायचं नाही. आधी आपण कुठल्या वाटेने आलो ते सांगायचं, मग पाऊसपाणी, मग वाडवडील, मग नदी-डोंगर, आणि सगळे नीट टेकून बसले की शेवटी हलकेच मूळ गोष्ट. लगेच मुद्दा काढणारा माणूस तिथे उथळ समजतात. कोलूने अंदाजपत्रकावरचं भाषण असंच बांधलं होतं. पहिल्या पानावर रान, दुसऱ्यावर नद्या आणि पूल, तिसऱ्यावर मोबाइलचे मनोरे, आणि चौथ्या पानावर, सगळ्यात शेवटी, मानाच्या जागेवर, सोनीबाईचा शब्द.

आधीच्या आठ वेळांना बोलणारे कमी असायचे, वेळ भरपूर मिळायचा. यावेळी यादी मारुतीच्या शेपटीसारखी लांब, आणि कोलूच्या वाट्याला चार मिनिटं. दुसऱ्या पानावर तो जेमतेम पुलापाशी पोचला तोच घंटा वाजली. तो भरभर वाचू लागला. तिसऱ्या पानाच्या मध्यावर पुन्हा घंटा. "माननीय सदस्य, समाप्त करा." "महोदय, एकच मिनिट—" "उरलेलं पटलावर ठेवा." पटलावर ठेवणं म्हणजे न बोललेलं भाषण लेखी देऊन टाकणं. ते नोंदीत छापून येतं, बोलल्यासारखंच धरतात. कोलूने चौथं पान कर्मचाऱ्याच्या हाती दिलं, तोवर पुढच्या सदस्याचं नाव पुकारलंही गेलं होतं. खाली बसताना त्याने हात खिशात घातला.

अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत तो गावाकडे फिरकलाच नाही. कधी सिरोंच्याचा दौरा काढला, कधी गडचिरोलीत बैठका लावल्या. पण अधिवेशन संपलं, एप्रिल लागला, मोह पडू लागला, आणि सोनीबाईचा निरोप आला: ये.

धानोरा मागे पडलं आणि दोन्ही बाजूंनी साग लागला, तेव्हा कुलदीपने मागच्या सीटवरून छापील नोंदींची प्रत काढून भाऊंच्या मांडीवर ठेवली.

"भाऊ, काऊन टेन्शन घेऊन राह्यले तुम्ही? हे पाहा. चौथं पान पुरं छापून आलं. तुमच्या नावाखाली. हे वाचून दाखवा न् गाठ सोडा. सरकार म्हणते बोलले, त बोलले."

"न् हा तारा?" कोलूने पानाच्या डोक्यावरच्या बारीक चांदणीवर बोट ठेवलं. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं की हा भाग पटलावर ठेवण्यात आला.

"तारा कोन पाह्यते?" कुलदीप म्हणाला, आणि त्याचं काही चुकत नव्हतं. तो तारा कोणीही पाहणार नव्हतं.

कोलू पुन्हा खिडकीबाहेर बघू लागला. तिकडे त्याला दिसत होता गोटुलाचा मागचा खांब. त्याचा बाप आयुष्याची शेवटची वीस वर्षं त्या खांबाला टेकून बसला होता. तरणा असताना गावाने त्याला तेंदूपानांच्या कंत्राटदाराकडे बोलायला पाठवलं होतं. कंत्राटदाराची जीप, त्याची माणसं, त्याचा आवाज, हे बघून बापाच्या तोंडातून शब्दच फुटला नाही, एवढं कोलूला लहानपणी इकडून तिकडून कळलं होतं. त्यानंतर बापाच्या हाती कोणी कधी दोरी दिली नाही. कोणी टाकून बोललं नाही, जेवायला बोलावणं चुकलं नाही, पण गावाच्या वतीने बोलायची पाळी पुन्हा आली नाही. बाप मागे बसायचा आणि पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायचा. कोलूने शाळेत पाठांतर केलं, भाषणं केली, मास्तर झाला, खासदार झाला, ते सगळं त्या खांबापासून लांब पळण्यासाठीच. आणि ऐन वेळी तोही गप्प बसवला गेला होता.

खासदारकी पाच वर्षांची असते, ती कधीतरी जातेच. गावाची दोरी गेली तर परत मिळत नाही, हे त्याला बापाकडे बघून ठाऊक होतं.

दुपारी ऊन कलल्यावर गोटूल भरलं. मोह अंगणात पसरून बायका तशाच आल्या होत्या, त्यांच्या लुगड्यांना गोडसर उग्र वास होता. पुढे मुखरू बसला होता, गावातला सगळ्यात वयस्क माणूस. त्याच्या डाव्या हाताला सोनीबाई. "जय सेवा" म्हणून नमस्कार झाले, पाणी झालं. कोलू उभा राहिला. कुलदीपने चौथं पान उघडून प्रत त्याच्या हाती दिली आणि तो पुरुषांच्या रांगेत जाऊन बसला.

कोलूने रीतीप्रमाणे वाटेपासून सुरुवात केली. विमान, गाडी, आरमोरीचा चहा. मग रान, नद्या, पूल. लोक नीट टेकून बसले. मग त्याने चष्मा लावला आणि चौथं पान वाचायला घेतलं.

"माननीय सभापती महोदय, माझ्या गावाच्या बायकांनी एक प्रश्न विचारला आहे. मोह वेचणारी बाई..."

सोनीबाई हसली. तिचे पुढचे तीन दात नव्हते आणि हसली की ती लहान मुलीसारखी दिसायची. बाकीच्या बायका सरसावून बसल्या. चंदा नावाची एक जण शेजारणीला कोपराने ढोसून म्हणाली, "आपलं आलं व!"

कोलूचा डावा अंगठा गाठीवर होता. नख लावलं असतं तर सुटली असती. पण त्याचं लक्ष त्या ताऱ्याकडे गेलं, आणि मग त्याला पुढचं वाचवेना. प्रत त्याने मिटली.

"हे मी बोललो नाई," तो म्हणाला.

कुलदीपने डोक्यावर हात मारून घेतला.

"छापून आलं, पन मी बोललो नाई. माह्यापाशी चारच मिन्टं होती. मी नदी-नाले सांगत बसलो न् घंटी वाजली. मंग म्हनले, राह्यलेला कागद टेबलावर ठेव. मी ठेवला. तोंडातून शब्द काढला नाई. गाठ तशीच आहे." त्याने दोरी वर धरली.

मुखरूने विचारलं, "चार मिन्टं?"

"होय."

"चार मिन्टात त मानूस बसतबी नाई धड," मुखरू म्हणाला. "न् घंटी कोन वाजवते?"

"वरती बसते तो."

"भरल्या सभेत? मानूस बोलून राह्यला असताना?" मुखरूला हे अगदी विपरीत वाटलं. त्याने आजूबाजूला बघितलं, आणि सगळ्यांनी माना हलवून दिल्लीच्या रीतभातीबद्दल खेद व्यक्त केला.

कोलूला हसू आलं नाही. त्याने दोरी सोनीबाईच्या पायाशी ठेवली, वळला, आणि माणसांच्या रांगांतून वाट काढत मागच्या खांबाकडे चालू लागला.

"ए बाबू!" सोनीबाईचा आवाज पाठीवर आला. "तिकडं कुठी चालला?"

"माह्या जागेवर, आत्याबाई."

"ते तुही जागा नोहे. तुह्या बापाची होती."

"त्याच्यासारखंच झालं माह्यं. त्याचंबी तोंड उघडलं नव्हतं."

सोनीबाई उठली. तिला उठायला वेळ लागला, गुडघ्यावर हात टेकून ती उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कोनी सांगतलं तुले हे? तुहा बाप नाई बोलला म्हनून त्याले मांग बसवलं? अरे, तोंड त कोनाचंबी सुकते. माह्यं दहादा सुकलं आहे. मुखरूचं त लगनातबी सुकलं होतं."

मुखरूने हे मान्य असल्यासारखी मान खाली घातली.

"तुहा बाप आला न् इथी उभा राह्यला. म्हनला, मी बोललो. कंत्राटदाराले तोंडावर बोललो. न् आमच्यासमोर त्यानं गाठ सोडली, बाबू. आपल्या हातानं. दुसऱ्या दिसी कंत्राटदाराचा मानूस आला तवा कळलं का हा बोललाच नव्हता." तिचा आवाज थोडा खाली आला. "माहा भाऊ वाईट नव्हता. लाजला होता. लाजून खोटं बोलला. आमी त्याची दोरी घेतली ते त्या गाठीसाठी. न बोलल्यासाठी नाई."

कोलू रांगांच्या मधोमध उभा राहिला. बावन्न वर्षं तो चुकीच्या गोष्टीला घाबरत आला होता. अर्धं आयुष्य तोंड बंद पडू नये म्हणून धडपडला, आणि बापाची दोरी तोंड बंद पडल्याने गेलीच नव्हती. आज सकाळी गाडीत कुलदीपचं ऐकलं असतं, नुसतं नख लावलं असतं, तर तो नेमका बापाच्या जागी जाऊन बसला असता, आणि तोही आपल्या पायांनी. त्याच्या पाठीवरून एवढं मोठं ओझं उतरलं की त्याला खाली बसावंसं वाटलं. तो तिथेच, बायकांच्या रांगेपाशी, मटकन बसला. त्याला रडू येत होतं आणि लाजही वाटत नव्हती.

चंदाने त्याला पाण्याचा तांब्या दिला. "पन भाऊ, तो कागद कोनी वाचला का?" तिने विचारलं. "का टेबलावरच पडला आहे?"

यावर कुलदीप एकदम ताठ झाला. "थांबा जी," म्हणाला आणि गाडीकडे पळाला. परत आला तेव्हा त्याच्या हातात आठवडाभराचं टपाल होतं. त्यात एक सरकारी पाकीट, न फोडलेलं. "माह्यीच चुकी," तो धापा टाकत म्हणाला. "मले वाटलं, नेहमीचंच असन. पत्र भेटलं, आभारी आहो."

पत्र त्याच सर्वेक्षणवाल्या खात्याचं होतं. कुलदीपने ते मोठ्याने वाचलं आणि वाक्यावाक्याला सोपं करून सांगितलं. आपण पटलावर ठेवलेल्या भाषणाच्या चौथ्या पानावरचा प्रश्न तपासला. वनोपज गोळा करणाऱ्या स्त्रियांना वेगळा पर्याय ठेवण्याचं विचाराधीन आहे. तरी आपल्या भागात स्त्रिया कोणत्या महिन्यांत, कोणकोणतं काम करतात, त्याची माहिती कळवावी.

"विचाराधीन म्हंजे काय?" मुखरूने विचारलं.

"म्हंजे अजून केलं नाई," कोलू म्हणाला.

"म्हंजे गाठ सुटली नाई," सोनीबाई म्हणाली, "पन कोनीतरी हात लावला आहे." तिने दोरी उचलली, गाठीचा एक पीळ दाताने हलकेच सैल केला आणि बाकीची तशीच ठेवली. "आता लिहा. ते विचारून राह्यले ना? लिही, कुलदीपभाऊ."

आणि मग सगळ्या बायका एकदम बोलू लागल्या. मोह, चारोळी, तेंदूची पानं, मग मोहाच्या फळांचे टोळ, हिरडा, बेहडा, डिंक, मध, पावसाळ्यात अळिंब आणि बांबूचे कोंब. एक सांगायची, दुसरी महिना दुरुस्त करायची, तिसरी म्हणायची, अन् झाडू कोनी लिहिला नाई. कुलदीपचं पान भरलं, त्याने पाकीट उलटं करून त्यावर लिहिलं. बाराही महिने भरले. 'घरकाम' लिहायला कुठे जागाच उरली नाही.

ऊन झाडांच्या मागे गेल्यावर सोनीबाईने दोरी पुन्हा कोलूच्या हाती दिली.

"आता बोलून दाखव," ती म्हणाली. "इथी घंटी नाई."

कोलू उठला. यावेळी वाट नाही, पाऊस नाही, रान नाही. त्याने नुसता तिचा शब्द उच्चारला, जसा तिने दिला होता तसा, शेवटच्या 'झोपाले जातो'पर्यंत, मोठ्या मोकळ्या आवाजात. रस्त्यापलीकडच्या अंगणातली म्हातारी माणसंही बाहेर आली.

कुलदीपने सवयीने घड्याळात बघितलं होतं. "अकरा सेकंद," तो म्हणाला. "भाऊ, चार मिन्टात हे वीस बारी बोलून झालं असतं."

गोटुलात हसू फुटलं, आणि त्यात कोलूचं सगळ्यात मोठं होतं.

"मंग पुढच्या बारीले आधी हेच बोल," सोनीबाई टोपली उचलता उचलता म्हणाली. "तुह्ये नदी-नाले टेबलावर ठेव, न् आमाले तोंडात ठेव."